शिकागोचा न निघालेला अंक

१९५८चा हिवाळी अंक तयार होत होता. विल्यम बरोज, जॅक केरुआक, एडवर्ड डालबर्ग यांचा मजकूर ठरला होता. ‘शिकागो रिव्ह्यू’चा तो अंक ठरल्याप्रमाणे कधीच निघाला नाही.

शिकागो विद्यापीठातलं हे त्रैमासिक १९४६ साली विद्यार्थ्यांनीच सुरू केलं. संपादक शिकून बाहेर पडतात, नवे येतात, त्यामुळे ते एकाच माणसाच्या आवडीनिवडीत अडकून पडलं नाही. १९५८ साली संपादक होते अर्विंग रोझेन्थल. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या कवींचा अंक, मग झेनवरचा अंक, आणि बरोज यांच्या ‘नेकेड लंच’चे भाग, तेही पुस्तक निघण्याआधी! एवढी छाती तेव्हा किती प्राध्यापक-संपादकांची झाली असती?

ऑक्टोबरात ‘शिकागो डेली न्यूज’मधले स्तंभलेखक जॅक मेब्ली यांनी या ‘घाणेरड्या’ लिखाणावर झोड उठवली. विद्यापीठाचे कुलगुरू लॉरेन्स किम्प्टन यांनी हिवाळी अंकातला तो मजकूर अडवला. मला हा निर्णय तेव्हाच्या काळाचा विचार करूनही चुकीचाच वाटतो. ज्या मुलांवर अंक सोपवला, त्यांच्या निवडीवर पहिल्याच ओरड्यात विश्वास उडावा, हे विद्यापीठाला शोभत नाही.

रोझेन्थल आणि बहुतेक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि अडवलेला मजकूर घेऊन स्वतःचं नियतकालिक काढलं. ‘बिग टेबल’ हे नाव केरुआक यांनी सुचवलं. पैसे उभे करायला ॲलन गिन्सबर्ग शिकागोत येऊन कविता वाचून गेले. (हेच गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आले, तेव्हा आपल्याकडचे तरुण कवीही प्रस्थापित मासिकांबाहेर स्वतःची जागा शोधत होते.) मार्च १९५९मध्ये पहिला अंक निघाला आणि टपाल खात्याने तो अश्लील म्हणून अडवला. प्रकरण कोर्टात गेलं. १९६० साली न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी अंक अश्लील नसल्याचा निकाल दिला. युद्धविरोधी आंदोलकांवरच्या ‘शिकागो सेव्हन’ खटल्यात पुढे कठोर ठरलेले हॉफमन ते हेच. दरम्यान १९५९मध्येच ‘नेकेड लंच’ पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने आलं होतं.

‘बिग टेबल’चे पाचच अंक निघाले. ‘शिकागो रिव्ह्यू’ आजही निघतं, आणि त्याचं संपादन आजही विद्यार्थीच करतात.