रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, मग कामगार कोणाचा?

रेल्वेमार्ग कोणाच्या मालकीचा, त्यावरची गाडी कोण चालवते आणि गाडीवर राबणाऱ्या माणसाला पगार कोण देते, हे प्रवाशाला एकाच प्रश्नाचे तीन भाग वाटतात. परंतु भारतीय रेल्वेच्या इतिहासात त्यांची उत्तरे वारंवार निरनिराळी राहिली आहेत. मालेगावला रेल्वेस्थानक नसल्याने इथला प्रवासी मनमाडला जाऊन गाडी धरतो, आणि ही उत्तरे एकमेकांपासून कशी फारकत घेतात हे समजून घ्यायला मनमाडइतके बोलके जंक्शन महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जीआयपी, ही लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी. १८४९ च्या कराराने तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली आणि १८५३ मध्ये तिने मुंबई-ठाणे गाडी सुरू केली. १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तरी ती चालवण्याचे काम करारानेच त्याच कंपनीकडे ठेवले, त्यामुळे पुढची २५ वर्षे रूळ सरकारचे, पण ड्रायव्हर, गार्ड आणि इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन यांना नेमणारी, बढती देणारी आणि कामावरून कमी करणारी कंपनी होती. सर विल्यम ॲकवर्थ यांच्या समितीने सरकारी कारभाराच्या बाजूने कौल दिल्यानंतर १९२५ मध्ये ही व्यवस्था संपली. मनमाडला गुंता याहून अधिक होता, कारण १८७८ मध्ये खुला झालेला दौंड-मनमाड मार्ग सरकारने बांधला असूनही पुढे जीआयपीने चालवला, तर हैदराबादकडून आलेला मीटरगेज मार्ग निजामाच्या हमीवर उभ्या राहिलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या ताब्यात होता आणि निजाम सरकारने तो १९३० मध्ये स्वतःकडे घेतला. एकाच जंक्शनावर शेजारी शेजारी राबणाऱ्यांचे मालक असे वेगवेगळे होते.

कागदावरचा मालक आणि प्रत्यक्ष राबवून घेणारा यांच्यातील अंतर किती बोचरे असू शकते, हे याच मनमाडमध्ये फेब्रुवारी १९३८ मध्ये भरलेल्या जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची दुरुस्ती करणाऱ्या टोळीत, अडकून राहतो आणि त्याला पोर्टरचीही जागा मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरची कामे करून घेतली जातात व अस्पृश्याला त्या घरात प्रवेश नसतो, ही वस्तुस्थिती त्यांनी मांडली. पोर्टरचा पगार रेल्वे देत होती, पण त्याच्या कामाचा एक हिस्सा स्टेशनमास्तरच्या घरात जिरत होता, आणि ती जागा कोणाला द्यायची हे त्या घराचे सोवळेओवळे ठरवत होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, ही त्यांची सुप्रसिद्ध मांडणी याच परिषदेतील आहे.

आज मुंबईच्या लोकलचे मोटरमन आणि गार्ड मध्य व पश्चिम रेल्वेचेच नोकर आहेत, परंतु त्यांच्या भोवतालची सफाई आणि खानपानाची कामे मोठ्या प्रमाणावर ठेक्यावर गेली आहेत. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या मुंबई-अहमदाबाद तेजस एक्स्प्रेसमध्ये ही सरमिसळ एका गाडीत दिसते: गाडी चालवण्याची जबाबदारी आयआरसीटीसी या सरकारी कंपनीची, इंजिनावरचा लोको पायलट रेल्वेचा, आणि जेवणाचा ट्रे हातात देणारे तरुण कर्मचारी ठेकेदाराचे, प्रवाशाच्या लेखी मात्र सगळेच ‘रेल्वेवाले’. मुंबईच्या भुयारी मेट्रोचा मार्ग मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनचा आहे, तर तो चालवण्याचा करार दिल्ली मेट्रोशी झाला आहे. मोनोरेलचा ठेका मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) डिसेंबर २०१८ मध्ये रद्द करून सेवा आपल्याकडे घेतली. ठेकेदार असा मध्येच गेला, तर कामगाराच्या थकलेल्या पगाराचे आणि मोजलेल्या सेवाकाळाचे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक करारात दडलेला असतो.

याचे एक उत्तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने दिले. ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याला हा कायदा ‘मुख्य मालक’ म्हणत असे. ठेकेदाराने पगाराचे वाटप मुख्य मालकाच्या प्रतिनिधीसमोर करावे, आणि तो बुडवला तर मुख्य मालकाने स्वतः भरून मग ठेकेदाराकडून वसूल करावा, अशी त्यात तरतूद होती. ही तरतूद मोलाची होती, कारण रोज राबून संध्याकाळी चूल पेटवणाऱ्याला दोन कंपन्यांमधला वाद मिटेपर्यंत थांबणे परवडत नाही. नोकरीच्या कायमपणाबाबत मात्र कायदा तोकडा पडला. स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले की, एखाद्या कामातील ठेका पद्धत सरकारने बंद केली म्हणून तिथले कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. ठेका केवळ देखावा होता असे सिद्ध झाले, तरच ते त्याचे कामगार ठरतात.

मालेगावकरांना हा पेच परका नाही. सूत एकाचे, यंत्रमाग दुसऱ्याचा आणि मजुरी मीटरवर, अशा व्यवस्थेत मागावर उभ्या असलेल्या कारागिराचा खरा मालक कोण, हा प्रश्न या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ३०९ किलोमीटर लांबीच्या, १८ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिल्याने मालेगाव रेल्वेच्या नकाशावर येऊ घातले आहे, आणि या मार्गावरील नव्या स्थानकांत सफाई, पार्किंग व खानपान यांसाठी स्थानिक तरुण मोठ्या संख्येने लागतील. त्यांना नेमणुकीच्या दिवशीच ठेकेदाराचे व मुख्य मालकाचे नाव लिहिलेले नेमणूकपत्र मिळावे, पगार दरमहा बँकेत जमा होऊन त्याची पावती हाती पडावी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक त्यांच्याच मोबाइलशी जोडलेला असावा आणि ठेकेदार बदलला तरी आधीची सेवा धरली जावी, या अटी निविदेतच घालणे आवश्यक आहे. कारण ठेका देखावा असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे अखेर कामगारावरच येते, आणि न्यायालयात त्याच्या हाती या कागदांखेरीज दुसरे काही नसते.