जजसाहेब मत मागायला दारी आले तर?

आठवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा न्यायव्यवस्थेवरचा पाठ चालू होता. बाभुळगावातली नगरपंचायतीची निवडणूक मुलांनी पाहिलेली. भोंगे लावलेले ऑटो, गल्लीगल्लीत हात जोडत फिरणारे उमेदवार. एका मुलीने विचारले, “सर, कोर्टातल्या जजसाहेबांना मत कधी द्यायचे?” वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न अगदीच वेडा नव्हता.

आपल्याकडे तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. त्यांच्यावर नियंत्रण उच्च न्यायालयाचे. संविधानाचे २३५ वे कलम तेच सांगते. काही वर्षांत बदली ठरलेली, आणि सहसा त्यांना स्वतःच्या गावी नेमत नाहीत. आपल्या मताची त्यांना गरजच पडत नाही. अमेरिकेत मात्र तीसहून अधिक राज्यांत न्यायाधीशांना या ना त्या प्रकारे निवडणुकीला सामोरे जावे लागते. खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशालाही ती टिकवायला मत मागावे लागते.

आपल्या वणीकडे आहेत तशा कोळशाच्या खाणींचा वेस्ट व्हर्जिनिया हा तिकडचा मुलूख. तिथल्या ह्यू कॅपर्टन यांचा छोटा खाणधंदा मॅसी या बड्या कोळसा कंपनीने बुडवला, म्हणून २००२ साली ज्यूरीने पाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली. मॅसीचे अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होते. तेवढ्यात २००४ ची निवडणूक आली. न्यायाधीश वॉरन मॅकग्रॉ आपली जागा राखायला उभे होते आणि त्यांच्यासमोर होते ब्रेंट बेंजामिन. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी बेंजामिन यांच्या बाजूने सुमारे तीस लाख डॉलर ओतले. जाहिरातींचा रोख मात्र कोळशावर नव्हता. मॅकग्रॉ यांनी लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडले, असा तो प्रचार. अशा जाहिरातीपुढे कोणत्या आईबापाचे मन थाऱ्यावर राहील? मॅकग्रॉ हरले.

पुढे अपील सुनावणीला आले. बेंजामिन यांनी बाजूला व्हावे, अशी विनंती कॅपर्टन यांनी केली. ते झाले नाहीत. २००७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ती भरपाई रद्द झाली आणि त्या तिघांत बेंजामिन होते. अखेर २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, बेंजामिन यांनी या खटल्यात बसायला नको होते. माणूस मनाने प्रामाणिक असेलही. पण हरलेल्या पक्षकाराला ते कसे पटावे? इन्साफ करणाऱ्यावर इन्साफ मागणाऱ्याचा भरोसा तर हवा.

इमाम अबू हनीफा (रह.) यांनी खलीफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद नाकारले आणि त्यापायी कैद सोसली, हे आपण घरात ऐकत आलो आहोत. कुठे पद नको म्हणून कैद पत्करणे आणि कुठे पदासाठी प्रचार!

अर्थात आपणही फार ताठ मान करू नये. १९६७ च्या फेब्रुवारीत सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांच्या न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी सरकारला न रुचणारा निकाल दिला. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते विरोधी पक्षांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. समोर होते डॉ. झाकिर हुसेन. डॉक्टरसाहेब एक लाखाहून अधिक मतमूल्याने जिंकले आणि देशाला पहिले मुस्लिम राष्ट्रपती मिळाले. सुब्बाराव यांनी राजीनामा देऊन मगच निवडणूक लढवली, तरीही टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते.

मात्र निवडणूक नको म्हणताना आपल्या नेमणुका कशा होतात हेही विचारायला हवे. वरिष्ठ न्यायालयांत कोणाला घ्यायचे हे बंद दाराआड न्यायाधीशच ठरवतात, ही तक्रार जुनी आहे. मतपेटी हा त्यावरचा उपाय नव्हे, एवढेच माझे म्हणणे.

दुसऱ्या दिवशी वर्गात ही हकीकत सांगितली. त्या मुलीने पुन्हा हात वर केला, “हरलेल्या जजसाहेबांचे पुढे काय झाले?”

“२००८ मध्ये ते आपल्या भागातल्या खालच्या कोर्टात न्यायाधीश झाले.”

“परीक्षा देऊन?”

“नाही, निवडून येऊन.”