बामियानच्या भिंतींवरील तेल

तैलरंगाचा शोध पंधराव्या शतकात फ्लँडर्सच्या यान व्हॅन आयकने लावला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो. या समजाचा आधार शोधू गेल्यास हाती एवढेच लागते, की जॉर्जो वासारी या इटालियन चित्रकाराने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या कलावंतचरित्रांत तसे लिहिले. व्हॅन आयकला जाऊन तेव्हा शतक उलटले होते. शिवाय बाराव्या शतकातील थिओफिलस या ख्रिस्ती साधूच्या ग्रंथात जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती आहेच. एकाचे सांगणे दुसऱ्याने, दुसऱ्याचे तिसऱ्याने उचलले, की त्यालाच इतिहास म्हणण्याची आपल्याला सवय जडते.

खरा पुरावा अफगाणिस्तानातून आला. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर तेथील लेण्यांत उरलेल्या भित्तिचित्रांच्या जतनाचे काम जपानी तज्ज्ञांनी हाती घेतले. योको तानिगुची व सहकाऱ्यांनी रंगाचे सूक्ष्म नमुने फ्रान्समध्ये ग्रनोबल येथील क्ष-किरण प्रयोगशाळेत तपासले. २००८ साली निष्कर्ष जाहीर झाला. तपासलेल्या ५० लेण्यांपैकी १२ लेण्यांत सुकणाऱ्या तेलात कालवलेले रंग होते. तेल बहुधा अक्रोडाचे वा खसखशीचे. यांतील जुनी चित्रे इ. स. सातव्या शतकाच्या मध्याची.

‘सुकणारे’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पाणी उडून जाते, तेल उडत नाही. जवस, अक्रोड, खसखस यांचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट पापुद्रा बनते आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. शेंगदाण्याचे तेल घेतले, तर ते महिनोन्‌महिने चिकटच राहील! या पापुद्र्यातून प्रकाश आत शिरून खालच्या थरावरून परततो, म्हणून तैलरंगाला खोली येते. चित्रकाराला मात्र संयम लागतो. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात अधिक, हा नियम. उलट केल्यास वरचा थर आधी सुकतो, खालचा मागाहून हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी. तेथे कोरड्या गिलाव्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. त्यांची कांती तेलाची नव्हे.

‘तैलचित्रण बौद्धांनीच शोधले’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आपण आवरला पाहिजे. आजवर सापडलेल्यांत ही सर्वांत जुनी, इतकेच पुरावा सांगतो. व्हॅन आयकची थोरवीही त्याने उणावत नाही. पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून धातूची चकाकी आणि वस्त्राचा पोत साधण्यात तो अजोड होता.

बामियानच्या चित्रकारांची नावे आपल्यापाशी नाहीत. हिंगुळी चीवरातील, मांडी घातलेले बुद्ध रंगवताना त्यांनी शिशाच्या पांढऱ्या रंगाचा थर दिला आणि त्यावर तेलातला रंग चढवला, हे मात्र रंगाच्या एका कणावरून आज वाचता येते.