कुंपणानेच शेत खाल्ले तेव्हा

२१ एप्रिल २०१०, बुधवार. अमेरिकेत अनेक ठिकाणी कामकाज सुरू असतानाच एकामागून एक संगणक बंद पडू लागले. बंद व्हायचे, आपोआप सुरू व्हायचे आणि पुन्हा बंद. जे सुरू राहिले त्यांचे नेटवर्क तुटले. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात याचा फटका रुग्णालयांनाही बसला. काही रुग्णालयांनी ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. तातडीच्या विभागात केवळ गंभीर जखमींना घेतले गेले, किरकोळ तक्रारी घेऊन आलेल्यांना परत पाठवावे लागले.

बाहेरून कोणीही हल्ला केला नव्हता. या संगणकांवर संरक्षणासाठी बसवलेल्या मॅकॲफी कंपनीच्या अँटिव्हायरसनेच हा घात केला होता. नवे विषाणू ओळखता यावेत म्हणून अँटिव्हायरसला नियमित अपडेट मिळतात. त्या दिवशीच्या अपडेटमध्ये चूक होती. त्यामुळे ‘विंडोज एक्सपी’मधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल त्याला विषाणू वाटली आणि त्याने ती जागेवरून हटवली.

संगणकात पडद्यामागे अनेक सेवा अखंड चालू असतात. नेटवर्क जोडणे, आवाज, अपडेट ही त्यांतलीच कामे. यांपैकी बऱ्याच सेवा स्वतंत्रपणे चालत नाहीत, ‘एसव्हीसीहोस्ट’ त्यांना चालवते. माणूस झोपेत असतानाही त्याचा श्वास आणि रक्तदाब सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग असतो, तसेच हे काम. दिसत नाही, पण थांबले की सगळेच थांबते.

ओळखण्यात चूक

वैद्यकशास्त्राला हा प्रकार नवा नाही. लहान मुलांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे घसा दुखतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पण या जिवाणूच्या काही प्रथिनांचे हृदयातील प्रथिनांशी साम्य असते. काही मुलांमध्ये प्रतिकारशक्ती फसते आणि हृदयाच्या झडपांवरच तुटून पडते. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. घसा आठवड्यात बरा होतो, पण खराब झालेली झडप आयुष्यभर त्रास देऊ शकते. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत आजही असे रुग्ण येतात.

अँटिव्हायरसची चूकही अशीच होती. तोही विषाणूच्या खुणा लक्षात ठेवतो आणि प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहतो. खूण चुकीची लिहिली गेली की निरोगी फाइलही शत्रू ठरते. रक्षक जितका तत्पर, तितके नुकसान झपाट्याने होते.

उपचाराचा क्रम

कंपनीने काही तासांतच सदोष अपडेट मागे घेतले. पण ज्या संगणकांना बाधा झाली होती, त्यांचे नेटवर्कच गेले होते. औषध तयार होते, ते पोहोचवणारी रक्तवाहिनी बंद होती. त्यामुळे तंत्रज्ञांना सीडी किंवा पेन ड्राइव्ह घेऊन एकेका संगणकापाशी जावे लागले.

संगणक आधी ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा. या अवस्थेत फक्त जगण्यापुरत्या गोष्टी चालतात, जणू रुग्ण अतिदक्षता विभागात आहे. मग अँटिव्हायरसची चूक सुधारायची. त्यानंतरच हरवलेली फाइल जागेवर ठेवायची. हा क्रम महत्त्वाचा होता. आधी फाइल ठेवली असती, तर अँटिव्हायरसने ती पुन्हा गिळली असती. टाइप १ मधुमेहात प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. अशा रुग्णात नव्या पेशींचे रोपण केले, तर प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे द्यावीच लागतात. नाहीतर नव्या पेशींचीही तीच गत होते.

फाइल आणायची कुठून? विंडोज एक्सपी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवत असे. तीही नसेल तर दुसऱ्या निरोगी संगणकाकडून घ्यायची. मात्र दोन्हीकडे विंडोजची तीच आवृत्ती हवी. रक्त देण्यापूर्वी रक्तगट जुळवतात, तसेच.

माणूसही फसतो

यंत्राने केलेली ही चूक माणसांनी आधीच करून ठेवली होती. २००२ च्या सुमारास जगभर एक ईमेल फिरत होता. संगणकात अस्वलाच्या पिलाचे चित्र असलेली एक फाइल सापडेल, ती विषाणू आहे, लगेच पुसून टाका आणि सर्व परिचितांना कळवा, असे त्यात लिहिले होते. लोकांनी शोध घेतला, अस्वल खरोखरच सापडले आणि त्यांनी ते पुसले. प्रत्यक्षात ती विंडोजचीच फाइल होती, म्हणून तर ती बहुतेकांच्या संगणकात होती. सामान्य माणसाला तिचा फारसा उपयोग नसल्याने मोठे नुकसान टळले, एवढेच.

त्या ईमेलची रीत आजच्या व्हॉट्सॲपवरील आरोग्य संदेशांची आठवण करून देते. आधी घाबरवायचे, मग प्रत्येकाला स्वतःत सापडेलच असे लक्षण सांगायचे आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. असा संदेश वाचून कोणी रक्तदाबाची गोळी बंद केली, तर मात्र ते अस्वल पुसण्याइतके निरुपद्रवी नसते.

घरच्या संगणकाचे काय?

जागा मोकळी करण्याच्या नादात विंडोजच्या फोल्डरमधील फाइल पुसली गेली, तर पहिला नियम वैद्यकाचाच: आणखी इजा करू नका. घाईने संगणक बंद करू नका, कारण पुढच्या वेळी तो सुरू होईलच असे नाही. आधी रिसायकल बिन उघडून पाहा. फाइल तिथे असेल, तर ‘रिस्टोअर’ म्हणताच ती मूळ जागी जाते.

तिथे नसेल, तर महत्त्वाची कागदपत्रे आणि फोटो लगेच पेन ड्राइव्हवर घ्या. त्यानंतर विंडोजमधील ‘सिस्टिम फाइल चेकर’ चालवता येतो. तो संरक्षित फायली तपासतो आणि हरवलेल्या किंवा बिघडलेल्या फायलींच्या जागी राखीव प्रती ठेवतो. राखीव साठाच खराब असेल, तर ‘डिझम’ हे दुसरे साधन तो आधी दुरुस्त करते.

संगणक सुरूच होत नसेल, तर विंडोजच्या दुरुस्ती विभागातून ‘स्टार्टअप रिपेअर’ किंवा ‘सिस्टिम रिस्टोअर’ निवडता येते. तेही जमले नाही, तर दुसऱ्या संगणकावर विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून दुरुस्ती करता येते. ‘रीसेट’ हा शेवटचा उपाय. त्यात स्वतःच्या फायली ठेवण्याचा पर्याय असला, तरी नंतर टाकलेले प्रोग्रॅम निघून जातात.

एक गोष्ट टाळायलाच हवी. हरवलेल्या फाइलचे नाव टाकून कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावरून ती उतरवून घेऊ नका. त्या फाइलसोबत खरा विषाणू येऊ शकतो. भोंदूकडचे चूर्ण घेण्यासारखेच ते आहे.

कागदाची किंमत

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. या वेळी अडचण उलटी होती. फाइल हरवली नव्हती, सदोष फाइल आत शिरली होती. ती सेफ मोडमध्ये जाऊन पुसणे हाच उपाय होता, तोही पुष्कळ ठिकाणी एकेका संगणकावर हाताने. ब्रिटनमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी पाहता येईनात. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

त्या दिवशी ज्यांच्याकडे कागद, पेन आणि त्यांची सवय होती, त्यांचे काम चालू राहिले. म्हणूनच रुग्णालयाचा कारभार कितीही संगणकावर गेला, तरी रुग्णाची ॲलर्जी, चालू औषधे आणि रक्तगट यांची नोंद केसपेपरवर असायला हवी. घरीही मधुमेह, हृदयविकार किंवा फिट्सच्या रुग्णाने औषधांची यादी केवळ मोबाइलमध्ये ठेवू नये. एक चिठ्ठी पाकिटात असावी.

संगणकाच्या बाबतीत साधा नियम आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. हृदयाच्या झडपेची राखीव प्रत कोणाकडे नसते. फाइलची ठेवता येते, आणि ती बिघाड होण्याआधीच ठेवावी लागते.