थरथर काय सांगते?

ताप हा स्वतः रोग नव्हे. तो रोगाची सूचना देतो. म्हणूनच जाणता वैद्य ताप दिसताच औषधाची पुडी बांधीत नाही. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, हे तो आधी विचारतो. यंत्राचेही असेच आहे. मोटारीला सुटलेली थरथर ही एक सूचनाच होय. ती कशी वाचावी, हे एका प्रसंगावरून पाहू.

एकदा मी भाड्याच्या मोटारीने पुण्याहून साताऱ्यास निघालो होतो. सपाट रस्त्यावर गाडी सुरेख चालली होती. पुढे खंबाटकीचा घाट लागला. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर जोराने दाबला आणि सारी गाडी डावी-उजवीकडे थरथरू लागली. तो खिन्नपणे म्हणाला, "गुरुजी, महिन्यापूर्वी एका ठिकाणी दाखवली होती. त्यांनी पाहताक्षणीच चाकांचा दोष ठरवला आणि पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले. पैसे गेले, थरथर तशीच राहिली!"

साताऱ्यास पोहोचल्यावर आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, ही थरथरते केव्हा आणि थांबते केव्हा, ते आधी पाहू या." आणि स्वतः गाडी चालवू लागले.

मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वेग जोराने वाढवीत ताशी ६० किलोमीटरपर्यंत नेला. थरथर सुरू झाली. लगेच त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. वेग अद्याप साठाच्या आसपासच होता, तरी थरथर थांबली. याचा अर्थ काय? अशा गाडीच्या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर असतो. म्हणजे त्या वेगाने चाक सेकंदास सुमारे ९ फेरे घेते. चाकाचा तोल बिघडला असता, तर दर फेऱ्यास एक हिसका बसला असता, आणि पाय उचलल्यावरही चाक फिरतच असल्याने हिसके चालूच राहिले असते. चाके निर्दोष ठरली.

मग मिस्त्रींनी यवतेश्वराच्या घाटात ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी एकदा तिसऱ्या आणि एकदा दुसऱ्या गिअरमध्ये चढवली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन अधिक वेगाने फिरू लागले. परंतु थरथरीचा ताल बदलला नाही. दोष इंजिनाच्या फिरण्यात असता, तर तालही वाढला असता. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसलेले असते, तेही तपासता शाबूत आढळले.

आता उरली ती इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारी वाट. या गाडीत ती पुढच्या चाकांकडे जाते. प्रत्येक चाकाकडे एक फिरता दांडा जातो. त्यास एक्सल म्हणतात. चाक खड्ड्यात वर-खाली होते, वळणावर वळते. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांस लवणारे सांधे असतात. आतल्या सांध्यात तीन रोलर तीन खाचांतून सरकतात. खाचा झिजल्या, की जोर पडताच रोलर अडखळतात आणि दर फेऱ्यास तीन वेळा दांड्यास बाजूला ढकलतात. जोर काढला, की दाब सरतो आणि थरथरही सरते.

गाडी वर उचलून पाहिली. डाव्या बाजूच्या आतल्या सांध्यावरील रबरी टोपण, ज्याला मिस्त्री बूट म्हणतात, ते फाटले होते. त्यातून वंगण उडून गेले होते, आत धूळ शिरली होती आणि खाचा झिजल्या होत्या. सांधा नवा बसवल्यावर तोच घाट गाडी निमूटपणे चढली.

चालकाने विचारले, "मिस्त्री, असेच चालवले असते तर?"

"एखादे दिवशी भर घाटात सांधा तुटला असता, आणि इंजिन चालू असूनही गाडी पुढे गेली नसती. बूट फाटला तेव्हाच बदलला असता, तर सांधाही वाचला असता."

टायर बदलणाऱ्याने उत्तर आधी ठरवले होते. मिस्त्रींनी प्रश्न आधी विचारले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडते ते शांतपणे पाहायचे, एवढेच त्यांचे शास्त्र होते. घरातील बंद पडलेला पंखा असो वा वहीतील चुकलेले गणित, हेच शास्त्र आपल्याही उपयोगी पडेल.