साबणाचा फेस आणि वस्तऱ्याची जात

साताऱ्याच्या वास्तव्यात लहानग्या भीमरावांचे आणि त्यांच्या भावांचे केस कोण कापत असे, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्यांची थोरली बहीण. साताऱ्यात न्हाव्यांचा तुटवडा नव्हता आणि सुभेदार रामजींच्या घरी न्हाव्याला देण्यापुरते पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता, म्हणून त्या बहिणीने भावांवरच हात चालवून ही कला अंगी बाणवली होती. बाबासाहेबांनी ही आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात लिहून ठेवली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले. ज्यांनी अजून वाचले नसेल त्यांनी आधी ते वाचावे, आमचा हा लेख मागाहून वाचला तरी चालेल.

आज आम्ही दाढीच्या साबणावर लिहिणार आहोत. स्तंभाला विषय कमी पडले काय, असे कुणी म्हणेल. पण ज्या समाजाला दाढी करून घेण्यासाठीही कायद्याची कलमे लागली, त्याने दाढीच्या साबणाकडे निव्वळ चैनीची वस्तू म्हणून का पाहावे?

निमित्त घडले एका डबीचे. चळवळीतल्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीला आहेत. सुट्टीत आले तेव्हा त्यांनी आमच्या हातावर चार औंसांची, म्हणजे ११३ ग्रॅमची डबी ठेवली. किंमत विचारली तर वीस डॉलर. आमच्या हिशेबाने दीड हजाराच्या वर! कुठल्या मोठ्या कंपनीचा हा माल नव्हे. अमेरिका, इटली, इंग्लंड या देशांत गेल्या काही वर्षांत असे छोटे साबणकर्ते पुष्कळ निघाले आहेत. घरामागच्या शेडमध्ये दोन-तीन माणसे, एक मोठे पातेले, एका वेळी काही किलोंचा घाणा. घाणा संपला की पुढचा. काहीजण झाकणावर घाण्याचा क्रमांकही घालतात. आमच्या डबीच्या कर्त्याचे नाव आम्ही देत नाही, कारण जाहिरात करण्याचा आमचा इरादा नाही.

डबीमागचे घटक आम्ही चष्मा लावून वाचले. पहिला घटक चरबी. मग स्टिअरिक आम्ल, एरंडेल, खोबरेल, शिया झाडाच्या बियांचे लोणी, मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ लॅनोलिन, आणि हे सारे साबणात बदलण्यासाठी दोन क्षार, पोटॅश आणि कॉस्टिक सोडा. दाढीच्या साबणाचे मर्म याच जोडीत आहे. अंगाच्या साबणाला सोडा पुरतो, त्याने वडी टणक होते. पोटॅशचा साबण मऊ राहतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. दाढीच्या साबणाला दोन्ही हवेत, वडी टिकलीही पाहिजे आणि ब्रश फिरताच सुटलीही पाहिजे. खोबरेलाचा फेस लवकर येतो, मोठा येतो आणि तितक्याच लवकर बसतो. चरबीतल्या स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांचा फेस उशिरा येतो, पण तो सायीसारखा दाट होऊन गालावर ठिय्या देतो. शिवाय साबण होताना जे ग्लिसरीन तयार होते, ते मोठ्या कारखान्यांत पुष्कळदा वेगळे काढून विकतात. घरगुती घाण्यात ते साबणातच राहते, म्हणून दाढीनंतर कातडी ओढल्यासारखी होत नाही. काही डब्यांत कोकमाच्या बियांचे तेलही असते. आपल्या कोकणात त्याला भिरंडेल म्हणतात आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. तेच तिकडे साहेबाच्या गालाला लागते आहे.

आता प्रयोगाविषयी. पहिल्या दिवशी बोअरचे पाणी घेऊन बसलो आणि पार फसगत झाली. ब्रश घोटघोट घोटला, फेसाचा पत्ता नाही, वाटीच्या कडेला पांढरट चोथा. कारण साधे आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि न विरघळणारा चोथा करतात. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांच्या नशिबी बोअरचे पाणी आहे, त्यांच्या घरी कपड्यांनाही साबण जास्त लागतो तो यामुळेच. दुसऱ्या दिवशी पाणी उकळून, निवळून घेतले, तेव्हा निम्मे काम झाले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून फिल्टरचे तांब्याभर पाणी मागून आणले. मग मात्र त्या डबीने आपले गुण दाखवले.

रीत अशी. आधी कोमट पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे चांगली भिजवायची, कारण भिजलेला केस मऊ पडतो आणि पाते अडखळत नाही. ब्रश भिजवून, झटकून वडीवर अर्धा मिनिट फिरवायचा. मग वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटायचे. घाई केली की फेस पातळ होतो, पाणी कमी पडले की कोरड्या मलमासारखा बसतो. जमला म्हणजे दह्यावरच्या सायीसारखा दिसतो आणि ब्रश उलटा धरला तरी पडत नाही. आमच्या साध्या दुधारी ब्लेडने सुलटी दाढी केली, मग पुन्हा फेस लावून उलटी. गालावर एकही ओरखडा नाही आणि तुरटी फिरवली तर चुणचुणसुद्धा नाही. ट्यूबमधल्या क्रीमने आमच्या हनुवटीखाली नेहमी पुरळ उठते, ते महिनाभरात उठले नाही. साबण उत्तम आहे. मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षे मिळत आलेली गोल डबीतली साधी वडीही याच पाण्यात, याच सबुरीने घोटून पाहिली, तेव्हा तीही बऱ्यापैकी उतरली. दीड हजारातले निदान काही शेकडे पाण्याचे आणि सबुरीचेच असावेत, असा आमचा संशय आहे.

परंतु आमचे मन अडकले ते पहिल्या घटकावर. चरबी! तिकडचे साबणकर्ते हा शब्द लपवत नाहीत, उलट अभिमानाने मिरवतात. चरबीचा साबण भारी, तेलाचा त्या मानाने हलका, असे त्यांचे रसिक मानतात. आणि आपल्याकडे? मेलेले ढोर ओढणारा, ते फाडणारा, त्याचे कातडे कमावणारा माणूस गावाबाहेर. त्याची सावली बाटगी, त्याचा स्पर्श विटाळ. कातड्याची मोट मात्र गावाच्या विहिरीवर चालली, कातड्याचा मृदंग देवळात वाजला, त्याचा विटाळ कुणाला झाला नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे बजावले आणि आमच्या बापजाद्यांनी ते सोडले. ते बरोबरच झाले, कारण त्या कामात निवड नव्हती, सक्ती होती. १९८३ साली वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या प्रकरणावरून देशभर गदारोळ उडाला, परंतु ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ढोरे ओढली त्यांचा विचार त्या गदारोळात कुणाच्या मनात आला?

तिकडच्या त्या साबणकर्त्याला कुणी साबणकर्ता म्हणून जन्माला घातलेले नाही. त्याला वाटले म्हणून त्याने पातेले चुलीवर चढवले. उद्या कंटाळला तर उतरवील आणि दुसरे काही करील. म्हणून त्याच्या कारागिरीला मान आहे आणि वीस डॉलरही आहेत. आपल्या देशात कारागीर थोडे होते काय? बलुतेदार-अलुतेदारांची सारी उतरंड कारागिरांचीच होती. पण इथे कारागिराचा हुन्नर हीच त्याची जात झाली आणि जात म्हणजे वर-खाली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडले, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. अलीकडे शहरांतल्या प्रदर्शनांत हस्तकलेचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हा हुन्नर करणाऱ्याच्या मुलाला दुसरे काही करण्याची मुभा होती काय, हेही एकदा विचारावे.

न्हाव्याने अस्पृश्याची दाढी नाकारली, यात सारा दोष नाभिक समाजाच्या माथी मारणारे काही लोक आमच्यातही आहेत. आम्हाला ते मान्य नाही. नाभिक हा स्वतः बलुतेदार होता, सुगीला मिळणाऱ्या धान्यावर जगणारा. गावाची मर्जी फिरली की त्याची चूल विझत असे. आणि याच समाजाने १८९० साली मुंबईत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या केशवपनाविरुद्ध संप केला होता. आपल्या वस्तऱ्याने कुणाची विटंबना होऊ द्यायची नाही, असे म्हणणारे ते लोक होते. शिकलेसवरलेले अनेक सुधारक तेव्हा सभांतून भाषणे करत होते, हे वाचकांना सांगायला नको.

तरीही नकार हा नकारच. १९४८ च्या नोव्हेंबर महिन्यात घटना समितीत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू असता ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी धोब्याचे उदाहरण देऊन खुलासा केला की, जो कोणी लोकांना आपली सेवा देऊ करतो तो या शब्दात येतो. पुढे अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा झाला, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या व्याख्येत लाँड्री आणि केस कापण्याचे सलून यांचा स्पष्ट उल्लेख आहे. साताऱ्यातल्या त्या घरात बहिणींना जी दोन कामे जातीपायी करावी लागत, कपडे धुण्याचे आणि केस कापण्याचे, नेमकी तीच दोन दुकाने कायद्याने नावानिशी नोंदवली. तरीही कर्नाटक, गुजरात, तमिळनाडूतल्या गावांतून सलूनचे दार बंद झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. सेफ्टी रेझर १९०३ साली अमेरिकेत प्रथम बाजारात आला, तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. हे यंत्र पुढे इथल्या कुणाकुणाच्या उपयोगी पडेल, याची त्याच्या कर्त्याला कल्पनाही नसेल!

डबी आम्ही आमच्या वस्तीच्या नाक्यावर सलून चालवणाऱ्या नाभिक बंधूंकडे नेली. वय साठीच्या पुढे, सारी वस्ती त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी वास घेतला, बोटाने दाबून पाहिले, वाटीत घोटून आमच्याच गालावर लावले. “फेस झ्याक आहे सर,” म्हणाले, “पण धंद्याला चालणार नाही. एका डबीत दहा गिऱ्हाइकांचा ब्रश फिरवला तर कुणाचं काय कुणाला लागेल. ट्यूब बरी.” मग स्वतःच तोड काढली, चमच्याच्या दांड्याने वाटाण्याएवढा तुकडा काढून वाटीत टाकला. एवढ्यात एक दाढी होते म्हणाले. एका दाढीचे ते पन्नास रुपये घेतात. वडी किती पुरेल याचा हिशेब त्यांनी आमच्याआधी केला आणि डबी बाजूला सरकवली.

दाढी करता करता वडिलांची गोष्ट निघाली. गावी वडील आमच्या वाड्यातल्या लोकांची दाढी अंधार पडल्यावर ओढ्याकाठी करत. कुणीतरी पाहिले आणि त्या वर्षी गावाने त्यांचे बलुते बंद केले. जोंधळ्याचा दाणा घरात आला नाही. दुसऱ्या वर्षी ते बायकापोरांना घेऊन शहरात आले आणि पिंपळाखाली खुर्ची मांडली. “तेव्हा सगळ्यात आधी खुर्चीत बसले ते तुमचेच लोक,” अण्णा म्हणाले.

मुलगा काय करतो, असे आम्ही विचारले. आय.टी.आय. करून तो एका कारखान्यात वेल्डर आहे. “वस्तरा हातात घे म्हणून मी त्याला कधी म्हटलं नाही,” असे म्हणून त्यांनी ब्लेड मोडून डब्यात टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बोलावले.