चैत्र मासातील सण व व्रते : दिंद्रुड परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

चैत्र आणि वैशाख हे दोन मास मिळून वसंत ऋतू होतो, असे शास्त्रग्रंथ सांगतात. संस्कृत काव्यातील हा वसंत आम्रमंजिरीचा व मलयवायूचा आहे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड परिसरात मात्र चैत्र लागतो तेव्हा रब्बी ज्वारीची रास घरात येऊन रान मोकळे झालेले असते, विहिरी तळ गाठू लागलेल्या असतात आणि दुपारचे ऊन अंगावर घेणे अवघड होत असते. या महिन्यातील सण व व्रतांची यादी कोणत्याही पंचांगात मिळते. कोणता सण कोणी, कोठे आणि कितपत पाळावयाचा हे मात्र पंचांग ठरवीत नाही. दिंद्रुड परिसरात ते बऱ्याच अंशी श्रमाचे वर्ष ठरविते, आणि दुष्काळाच्या वर्षी पाणी ठरविते. प्रस्तुत लेखात चैत्रातील प्रमुख सण व व्रतांचा विचार या दृष्टीने केला आहे.

चैत्राची कालगणना :

ज्या मासाच्या पौर्णिमेस चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र. महाराष्ट्रात अमान्त पद्धती रूढ असल्याने येथील चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होऊन अमावास्येस संपतो. उत्तर भारतातील पौर्णिमान्त पद्धतीत वद्य पक्ष आधी येतो, त्यामुळे तेथे नवे वर्ष चैत्राच्या मध्यावर सुरू होते आणि आपल्याकडील चैत्र वद्य एकादशी, म्हणजे वरूथिनी, ही तेथे वैशाखातील एकादशी ठरते. दिवस तोच असतो, महिन्याचे नाव तेवढे बदलते. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतही पहिला मास चैत्रच आहे. तथापि तो सौर असल्याने सणांशी त्याचा संबंध जुळत नाही.

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे व सौर वर्ष ३६५ दिवसांचे असते. हा सुमारे अकरा दिवसांचा फरक अधिक मासाने भरून निघेपर्यंत साठत राहतो. या अधिक मासाशी दिंद्रुड परिसराचे जवळचे नाते आहे. माजलगाव तालुक्यातच गोदातीरी पुरुषोत्तमपुरी हे क्षेत्र असून तेथील पुरुषोत्तमाच्या दर्शनास अधिक मासात, म्हणजे लोकभाषेतील धोंड्याच्या महिन्यात, दूरवरून भाविक येतात. यादव राजा रामचंद्रदेवाचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा प्रसिद्ध ताम्रपट याच गावचा. याच यादव दरबारातील हेमाद्रीने त्यापूर्वी काही दशके ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथाच्या व्रतखंडात शेकडो व्रतांची तिथिवार मांडणी केली होती. व्रतांच्या शास्त्रीय मांडणीचा हा मोठा प्रयत्न गोदावरीच्या याच खोऱ्यावर सत्ता असलेल्या राज्यात झाला, ही गोष्ट मराठवाड्यातील अभ्यासकांकडून फारशी अधोरेखित केली जात नाही.

अधिक मासाच्या या व्यवस्थेमुळे गुढीपाडवा इंग्रजी तारखांत मागेपुढे सरकतो. २०१८ मध्ये तो १८ मार्चला, २०२० मध्ये २५ मार्चला, २०२१ मध्ये १३ एप्रिलला, २०२३ मध्ये २२ मार्चला आणि २०२४ मध्ये ९ एप्रिलला आला. पंचांगकर्त्यांच्या दृष्टीने यात विशेष काही नाही. परंतु बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने मार्चमधील पाडवा आणि एप्रिलमधील पाडवा हे दोन निराळे सण आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

पाडवा आणि श्रमाचे दोन वर्षारंभ :

चैत्र शुद्ध प्रतिपदेस घरोघर ध्वजारोपण करावे, अभ्यंगस्नान करावे, कडुलिंबाची पाने भक्षण करावीत व नव्या संवत्सराचे फल श्रवण करावे, असे धर्मशास्त्र सांगते. काशीनाथ उपाध्ये यांच्या ‘धर्मसिंधु’त आलेला हा विधी आजही बहुतांशी तसाच पाळला जातो. वेळूची काठी, तिला नवे वस्त्र, लिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी आणि वर पालथा तांब्या अशी गुढी उभी राहते. पाडव्याचे पंचांगवाचन हे शेतकऱ्याच्या लेखी पावसाचे भाकीत ऐकण्याचे निमित्त असते. संवत्सराचा राजा कोण व मेघांचा अधिपती कोण याकडे त्याचे कान लागलेले असतात.

मराठवाड्यात या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. शेतमालकाकडे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या सालगड्याचे साल पाडव्याला संपते व पाडव्यालाच नवे साल धरले जाते. वर्षभराची मजुरी, धान्य, कपडालत्ता, आधी घेतलेली उचल यांचा हिशेब या दिवशी होतो. गडी त्याच घरी राहणार की दुसऱ्याच्या दारी जाणार हेही याच दिवशी ठरते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ज्या दिवशी मालक नव्या खरेदीचा विचार करतो, त्याच दिवशी गडी आपल्या श्रमाचे मोल ठरवीत असतो. ट्रॅक्टरचा वापर वाढल्यानंतर सालगड्यांची संख्या घटली. पण साल पाडव्याला फिरते ही समजूत कायम आहे.

दुसरा श्रमाचा वर्षारंभ दसऱ्याचा. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा हा या कुटुंबांच्या निघण्याचा काळ, बलिप्रतिपदा बहुधा वाटेवरची वा कोपीतली, आणि घरच्या उंबऱ्याशी साजरे करता येण्याजोगे दोनच मुहूर्त उरतात : पाडवा व अक्षय्यतृतीया. त्यातही पाडवा मार्चमध्ये आला आणि हंगाम लांबला, तर तो फडावरच जातो. पाडवा एप्रिलमध्ये सरकला, तर माणसे घरी पोहोचलेली असतात. चांद्र तिथी आणि कारखान्याचा हंगाम यांचा मेळ बसला तरच गुढी घरच्या दारी उभी राहते.

हा मेळ किती नाजूक आहे हे २०२० साली दिसून आले. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हाच त्या वर्षीचा गुढीपाडवा होता. हजारो ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली. राज्य शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली ती एप्रिलच्या मध्यानंतर. तोवर रामनवमी, चैत्री एकादशी व हनुमान जयंती हे सर्व दिवस उलटून गेले होते. पंढरपूरची चैत्री यात्राही त्या वर्षी भरली नाही. २०२१-२२ चा हंगाम तर उसाच्या विक्रमी उत्पादनामुळे जूनपर्यंत चालला आणि चैत्राबरोबरच वैशाखही अनेकांना फडावर काढावा लागला.

उपवास व प्रतिनिधी :

चैत्रातील व्रतांत दोन एकादश्या, रामनवमी व हनुमान जयंती ही सर्वत्र परिचित आहेत. शुद्ध एकादशी ही कामदा, आणि हीच पंढरपूरच्या चैत्री वारीची तिथी. आषाढी-कार्तिकीच्या मानाने ही वारी लहान. पण शेतकामातून मोकळीक असल्यामुळे मराठवाड्यातील वारकऱ्यांना ती सोयीची पडते. रामनवमीस मध्याह्नव्यापिनी नवमी घेतात, तर मारुतीचा जन्म सूर्योदयाचा मानला जातो. रामनवमीला या भागात समर्थ रामदासांच्या जन्माचीही जोड आहे. गोदावरीपलीकडील जांब या गावी शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये, परंपरेनुसार रामनवमीच्याच दिवशी, समर्थांचा जन्म झाला.

उन्हात राबणाऱ्या माणसाने एकादशी कशी करावी, हा प्रश्न शास्त्रकारांनाही पडलेला होता. पूर्ण उपोषण न झेपल्यास एकभुक्त, नक्त किंवा फलाहार असे पर्याय त्यांनी दिले. पाणी, कंदमुळे, फळे, दूध व औषध यांनी व्रतभंग होत नाही असेही सांगितले. आज उपवासाला सर्रास चालणारा साबुदाणा मात्र दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा असल्याने कोणत्याही जुन्या ग्रंथात सापडणार नाही. भगरीचा मान त्याहून कितीतरी जुना आहे.

याहून महत्त्वाची तरतूद प्रतिनिधीची आहे. स्वतःस व्रत करणे अशक्य झाल्यास पती, पत्नी, पुत्र, बंधू, भगिनी इत्यादींकडून ते करवून घेता येते. काम्य व्रताला सामान्यतः प्रतिनिधी नाही. नित्य व नैमित्तिक कर्माला तो चालतो. ग्रंथांत ही तरतूद आजारपण, प्रवास अशा अडचणींसाठी आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरांत मागे राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी मुले. पाडव्याला लेक-सून फडावर असली तर दारातील गुढी म्हातारी उभारते, मारुतीला नारळ नातू फोडतो. त्यांच्यापैकी कोणी ‘धर्मसिंधु’ उघडलेला नसतो. शास्त्राने अपवाद म्हणून सांगितलेली गोष्ट येथे अनेक घरांचा दरवर्षीचा परिपाठ होऊन बसली आहे, एवढाच फरक.

चैत्रगौर :

स्त्रियांच्या व्रतांना प्रतिनिधीचा उपयोग कमी. हळदी-कुंकवाला घरात सवाशीण असावी लागते, आणि ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडीच धरली जाते. त्यामुळे मार्गशीर्षातील गुरुवार असोत वा संक्रांतीचे वाण, या स्त्रियांना ते कोपीसमोर जमेल तसे करावे लागते.

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर पाळण्यात वा झोपाळ्यावर बसवितात आणि वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, तिचे विसर्जन होते. या महिनाभरात सोयीच्या कोणत्याही एका दिवशी हळदी-कुंकू करावयाचे असते. कैरीची वाटली डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्याची ओटी हे सारे उन्हाळ्याला उतारा म्हणून योग्यच आहे. दिंद्रुडसारख्या गावांत गौर बसविण्याची प्रथा सर्व घरांतून नाही, ती मोजक्या कुळांतच दिसते. पण हळदी-कुंकवाचे बोलावणे त्या घरांपुरते मर्यादित राहत नाही. तिथीची सक्ती नसलेला असा महिनाभराचा सण उशिरा परतणाऱ्या स्त्रीलाही सापडतो. व्रतांच्या अभ्यासात तिथीच्या निर्णयावर पानेच्या पाने खर्च होतात. मुदतीच्या या लवचिकतेकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

पौर्णिमा व यात्रा :

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास गाव पुन्हा भरलेले असते. मारुती हे गावोगावचे दैवत असल्याने हनुमान जयंतीला जोडून अखंड हरिनाम सप्ताह, काल्याचे कीर्तन, गावजेवण आणि अनेक ठिकाणी कुस्त्यांचा फड असतो. वर्गणीचा आकडा परतलेल्या टोळ्यांच्या हाती काय उरले यावर अवलंबून राहतो. याच पौर्णिमेस धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरील मंदिरातून आमराईत येते आणि भाविक चुनखडीचे खडे वेचतात. बीड जिल्ह्यातून येथे जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. मोकळे रान, हंगामाचा पैसा आणि एकत्र आलेले कुटुंब, या तीन गोष्टी वर्षात याच वेळी जुळतात. महाराष्ट्रातील कितीतरी मोठ्या यात्रा चैत्रातच का भरतात, याचे उत्तर केवळ क्षेत्रमाहात्म्यातून मिळणार नाही.

प्रपादान :

चैत्रातील एक व्रत मात्र आज पंचांगांतूनही जवळजवळ नाहीसे झाले आहे. ते म्हणजे प्रपादान, अर्थात पाणपोई घालणे. चैत्रापासून उन्हाळ्याचे चार महिने वाटसरूंना पाणी द्यावे आणि ज्यास पाणपोई चालविणे शक्य नाही त्याने रोज पाण्याने भरलेला एक घट, ज्यास धर्मघट म्हटले आहे, दान करावा, असा हा विधी. तो पाळण्यास उपवासही लागत नाही आणि मुहूर्तही लागत नाही. बीड-परळी रस्त्यावरील गावांत झाडाखाली ठेवलेले रांजण ही या व्रताची लोकरूपे होत; आता त्यांच्या जागी प्लास्टिकचे जार आले आहेत.

२०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील धरणे कोरडी पडली. त्या वर्षी पाडवा ८ एप्रिलला होता आणि त्यानंतर चार दिवसांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शेजारच्या लातूरला पोहोचली. माजलगावच्या सिंदफणा नदीवरील धरणाच्या भरवशावर ऊस वाढलेल्या पट्ट्यातही त्या चैत्रात टँकरची वाट पाहिली जात होती. पाणी विकत घ्यावे लागते त्या गावात धर्मघटाचे दान कोणी आणि कशातून करावयाचे, हा प्रश्न व्रतखंडाच्या कर्त्यासमोर आला नसावा.

पाण्याचा हा धागा अक्षय्यतृतीयेपर्यंत जातो. आखितीला मातीची नवी घागर भरून, तिच्यावर आंबा ठेवून, पितरांच्या नावाने ती पुजली जाते. हा विधी लहानमोठ्या सर्व घरांत होतो आणि त्या दिवशी बहुतेक टोळ्या गावी असतात. चैत्रगौरही त्याच दिवशी उठते. पुढे नांगरट, खत, बियाणे यांची लगबग सुरू होते. आणि पावसाळा लागला की मुकादम नव्या हंगामाची उचल घेऊन दाराशी येऊ लागतात.